ईशमावशी

इंग्रजी एक्स हे अक्षर दिसलं की आमची मावशी त्याचा ‘श’ करायची. टॅक्सीच्या टपावर तिला ‘ताशी’ दिसायचं, इस्पितळाच्या दारावर ‘एशीत’, आणि डिचोलीच्या बाजारात मॅक्सी विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर चक्क ‘माशी’. ते दुकान दाखवून तिने मला एकदा विचारलं होतं, “माशी विकतां म्हूण कोण पाटी लायता गो?” हे ती मला चिडवायला विचारत होती की खरोखर, ते मला कधीच कळलं नाही. गोवा मुक्त व्हायच्या आधी दोन वर्षं ती पोर्तुगीज शाळेत जात होती आणि तिथल्या बाईंनी या अक्षराचं नाव ‘शीश’ असं घोटून घेतलं होतं. पुढे ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. पोर्तुगीज गेले, त्यांचं शीश मावशीकडे राहिलं.

तिचं खरं नाव प्रेमावती. नार्व्याला नदीच्या अंगाला तिचं घर, घरामागे अबोलीचे ताटवे. केसात माळायच्या अबोलीच्या फात्या विणून ती डिचोलीच्या बाजारात आणून बसायची. फाती विणायला दोन्ही हात लागतात. डाव्या हाताच्या चिमटीत फुलं धरायची आणि उजव्याने केळीच्या खोडाचा भिजवलेला दोरा गुंडाळत जायचं. फुलं इतकी नाजूक की चिमूट जरा घट्ट झाली तर चुरगळतात, सैल झाली तर निसटतात. मावशीचा नेमका डावा हात गेला. शिगम्याच्या आधी एका सकाळी ती फुलं काढताना खाली बसली आणि उठलीच नाही. बांबोळीच्या इस्पितळातून पंधरा दिवसांनी घरी आली तेव्हा पाय चालत होता, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालत होती, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा.

मी डिचोलीच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट; ती माझी रोगी, मावशी म्हणायची ती वयामुळे, नात्याने नव्हे. तिथून दर बुधवारी आणि शनिवारी स्कूटर घेऊन तिच्याकडे जायचे. पहिल्याच दिवशी तिची लेक सरिता मला अंगणात बाजूला घेऊन बोलली. सरिता पेडण्याला, कोरगावला दिलेली. एवढ्या लांबून तिला रोज येणं जमणारं नव्हतं. आईने एकटीने राहू नये, आपल्याकडे यावं असं तिचं म्हणणं आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शेवटी मायलेकींत गणेशचतुर्थीपर्यंतचा तह झाला होता. “चवथीपर्यंत बघता,” सरिता मला म्हणाली. “दोनूय हातांनी आपलें आपूण करूंक लागली जाल्यार रावूं दी. ना जाल्यार गाडी घेवन येता आनी व्हरता.” मावशी आतून ओरडली, “हांव आयकता हां.”

आमच्याकडे अशा हातासाठी व्यायामांचा एक तक्ता असतो. व्यायाम क्रमांक एक, मऊ रबरी चेंडू दाबणे. मावशीने तीन दिवस तो दाबला आणि चौथ्या दिवशी खाटेखाली टाकून दिला. “हो चेंडू पिळून माका कितें मेळटलें? लिंबू पिळ्ळ्यार सरबत तरी जाता.” मी रागावले. मला राग लवकर येतो आणि रोग्यांवर तो काढू नये हे मी शिकले असले तरी जमतंच असं नाही. मी तिला म्हटलं, मग जा कोरगावला.  उजव्या हाताने डावा हात उचलून तिने तो पदराखाली घेतला आणि जनेलातून बाहेर बघत बसली. परत येताना वाटेत मला माझीच लाज वाटत होती.

माझा भाऊ नितीन नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आमच्याकडेच राहिलं होतं. त्या यंत्राचा दोन हातांत धरायचा कंट्रोलर एकदा पुसताना माझ्या लक्षात आलं की त्यात माणसाला चालवायची दांडी डाव्या आंगठ्याखाली असते. डावा आंगठा हलला तरच पडद्यावरचं माणूस पाऊल टाकतं. मी नितीनला फोन केला. त्याला आनंद झाला, पण विचारू नये ते मी विचारलं. यंत्राबरोबर त्याने एका जपानी मालिकेचे डझनभर भाग मागे ठेवले होते. लांबलचक गोष्टीचे खेळ, प्रत्येक भागाला रोमन आकडा. मी विचारलं, कुठून सुरू करू? यावर तो पाऊण तास बोलला. सगळं जग सातव्यापासून सुरू करतं. त्याचा एक मित्र म्हणतो पहिल्यापासूनच करावं, नाहीतर मालिका कशी वाढत गेली ते कळत नाही. दुसऱ्या कोणाचं मत की सगळ्यात नवीन घ्यावा, त्यात चित्रं सुंदर आहेत. माझ्यासाठी स्थळ बघताना आमच्या घरात इतकी चर्चा झाली नव्हती.

मी नवीन भाग घेतला. चित्रं सुंदर म्हटल्यावर मला ते पटलं. यंत्र मावशीच्या टीव्हीला जोडलं, तिला उशा लावून बसवलं, कंट्रोलर मांडीवर दिला, डावा आंगठा दांडीवर ठेवला. तिचा पडद्यावरचा माणूस अर्धं मिनिट जगला. त्या भागात शत्रू थांबत नाही. तुम्ही बटण शोधेपर्यंत तो मारून मोकळा होतो. तीनदा मेल्यावर मावशीने यंत्र बाजूला सारलं. “हें माझ्या हाताचें काम न्हय गो बाये. तो रावना.”  त्या दिवशी तिचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. खेळ गेला याचं तिला काही नव्हतं. आपल्यासाठी आता कोणी थांबणार नाही, हे तिला त्या अर्ध्या मिनिटात लागलं होतं.

मी पिशवीतल्या बाकीच्या भागांच्या डब्या तिच्या खाटेवर मांडल्या आणि पुन्हा नितीनला फोन लावला. आम्ही बहीणभाऊ सातवा की पहिला यावर भांडत होतो तोवर मावशी एकेक डबी डोळ्यांजवळ नेऊन वाचत होती. एक उभी रेघ म्हणजे तिच्या लेखी ‘इ’, दोन म्हणजे ‘ई’, तीन म्हणजे ‘लांब ई’. दहावा भाग ‘शीश’. अकरावा उचलला आणि ‘शी’ म्हणून लगेच उलटा ठेवला. मग एक डबी तिने उजव्या हाताने छातीशी धरली. “हें लाय,” ती म्हणाली. “हांगा ‘ईश’ बरयलां. सुरवात देवाच्या नांवान करची.”

तो नववा भाग होता. एकापुढे एक्स. मी तिला समजावलं की मावशे, हा आकडा आहे, देव नाही, आणि याच्या आधीचे आठ भाग तू पाहिलेले नाहीस. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “तूं जल्मलें तेन्ना डिचोली पयलींच आसली न्हय? आदीं कितें जालें तें विचारून जल्मलें तूं?” फोनवर नितीन हे ऐकत होता. तो म्हणाला, तशी प्रत्येक भागाची गोष्ट वेगळीच असते. आणि आणखी एक, नवव्यात शत्रू थांबतो. तुझी पाळी येईपर्यंत सगळे उभे राहतात, तू तासभर लावलास तरी चालतं. ही गोष्ट त्याने पाऊण तासात एकदाही सांगितली नव्हती, कारण त्याचे दोन्ही हात धड आहेत. पुढे आमच्या घरात आणि माझ्या इस्पितळात तिचं नावच ईशमावशी पडलं.

गोष्टीची नायिका होडी चालवणारी मुलगी निघाली. यंत्राने सुरुवातीला तिचं नाव विचारलं. मावशीने सांगितलं, सरिता घाल. मी बघायला लागले तशी म्हणाली, “दुसरें नांव माका इंग्लिशीत वाचूंक येना.” अक्षर अक्षर जुळवून ती पाटी वाचायची, पण एका नजरेत ओळखता येणारं इंग्रजी नाव तिला एकच, लेकीच्या लग्नपत्रिकेवरचं. मग ती होडीवाली सरिता मावशीच्या डाव्या आंगठ्याच्या जोरावर चालायला लागली. पहिले काही दिवस ती भिंतीला धडकायची, गोल गोल फिरायची, नाहीतर दारात अडकून राहायची. मावशी तिला “पळय समा, पळय समा”, नीट बघ, असं ओरडायची. ओरडून झालं की आंगठा नेटाने पुढे जायचा. चेंडू दहा वेळा दाबायला कुरकुरणारी बाई सकाळच्या प्रहरी चारशे पावलं चालवून मला हिशेब सांगायला लागली. माझ्या धंद्याचं सगळं कसब एकच कंटाळवाणी हालचाल माणसाकडून पुन्हा पुन्हा करून घेण्यात असतं. मी ते कसब एका होडीवालीकडे सोपवून बाजूला बसले.

होडी मात्र तिला पसंत नव्हती. नार्व्याची बाई, नदी बघत म्हातारी झालेली. पडद्यावरची सरिता काठ सोडून भर पाण्यातून सरळ पलीकडे जायची आणि मावशीचा जीव वरखाली व्हायचा. “भरती चडटा आनी ही मदल्यान कित्याक व्हरता? देगेन वच म्हूण सांग तिका.” मी सांगितलं, जपानमध्ये नद्या वेगळ्या असतील. ते तिला मान्य नव्हतं, पाणी सगळीकडे पाणीच असतं असं तिचं म्हणणं. खेळात जागोजागी दगडी दिवे होते, तिथे उभं राहिलं की तोवरचा खेळ जतन व्हायचा. मावशी प्रत्येक दिव्यापाशी कंट्रोलर मांडीवर ठेवून हात जोडायची. सुरुवातीला उजवा तळवा डाव्याला शोधायला खाली जायचा. जून संपता संपता दोन्ही तळवे छातीपाशी येऊन भेटले. मी ते वहीत लिहून घेतलं.

तिची एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. खेळातली माणसं बोलायची ती इंग्रजीत, खाली अक्षरं उमटायची. ती वाचून गोव्याच्या बोलीत सांगायचं काम माझं. त्यामुळे आठवडाभर मावशी रानावनात हिंडून शत्रूंना लोळवायची, पण माणूस दिसला की त्याच्याशी बोलायची नाही. मी गेले की सरिता कुणातरी म्हाताऱ्यापुढे नाहीतर दुकानदारापुढे ताटकळत उभी असायची. “हो कितें सांगता तें वाच. बुधवारच्यान तिका हांगा उबी करून दवरल्या.” मी वाचायचे, ती हुंकार द्यायची, मधेच त्या माणसाच्या स्वभावावर शेरा मारायची, आणि मग आम्ही चहा आणि पाववाल्याकडचे उंडे घ्यायचो. पुढे पुढे मी शनिवारचे इतर रोगी सकाळीच उरकून घ्यायला लागले. ते मी व्यायामासाठी करत होते असं म्हणणं खोटं होईल. मला पुढची गोष्ट हवी होती, आणि मला मावशी हवी होती. माझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझी वाट बघत कुणीतरी काहीतरी राखून ठेवतंय, हे सुख मी विसरूनच गेले होते.

श्रावण लागला आणि गोष्ट पुढे सरकेनाशी झाली. खेळातली सरिता शेवटच्या दारापाशी पोचलेली. आत नद्या आटवणारा राक्षस. खेळात ताकदीचा आकडा असतो, तो नव्याण्णवच्या पुढे जात नाही, आणि आमची सरिता नव्याण्णववर येऊन पंधरवडा झालेला. तरी मावशी तिला परत रानात न्यायची. “हात अजून बरो ना. धीर जायना,” असं म्हणून डावा हात पदराखाली घ्यायची. मी मूठ दाबायला सांगितली की बोटं ढिली सोडायची. मला काळजी वाटली. चवथीला तीन आठवडे उरलेले, कोरगावहून लेकीचा फोन दर दोन दिवसांनी. हात सुधारता सुधारता मागे का यावा, याचं उत्तर मी पुस्तकांत शोधत होते.

उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. एका बुधवारी मी पाणी प्यायला आत गेले तर देवाच्या फोटोवर अबोलीची ताजी फाती. वीण थोडी सैल होती, मधे एका जागी दोन फुलं तिरकी बसली होती, पण फाती होती. मी बाहेर येऊन विचारलं, ही कुणी केली? मावशी टीव्हीकडे बघत राहिली. शेजारणीने आणली असं काहीतरी ती पुटपुटली. मी तिचा डावा हात पदराखालून बाहेर काढला. चिमटीला केळीच्या दोऱ्याचा तपकिरी डाग होता.

“हात बरो जालो म्हणटकच तूं येवचें ना,” ती म्हणाली.

एवढंच. हात बरा झाला तर मी जाणार, नाही झाला तर घर जाणार. या दोन्हींच्या मधे ती नव्याण्णवच्या ताकदीच्या सरिताला इतके दिवस रानात हिंडवत होती. मला आधी राग आला, नेहमीप्रमाणे. मग रडूही आलं आणि ते मी लपवलं नाही. मी तिला म्हटलं, “मावशे, बुधवारचे उपचार आज सोंपले. शेनवारा हांव उपचार करूंक येयनासलें, चा घेवंक येतालें. तो कसो सोंपतलो?” तिने नाक ओढलं. थोड्या वेळाने कंट्रोलर उचलला आणि खेळातलं ते शेवटचं दार उघडलं. राक्षस दुसऱ्या घावात पडला. मग नद्यांना पाणी आलं आणि हा खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली. मावशीने एकही नाव चुकवलं नाही. इतक्या भराभर वाचता येत नव्हतं तरी शेवटपर्यंत टक लावून बघत होती. “इतल्या लोकांनी केलां तर,” ती म्हणाली. “सगळ्यांक देव बरें करूं.”

चवथीच्या आदल्या रविवारी सरिता पिकअप घेऊन आली. कपाट बांधायला दोऱ्यासुद्धा आणल्या होत्या. फोनवर आई काहीही सांगेल, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवूनच ती आली होती, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं. तिला पहिल्यांदा दिसला तो टीव्ही. पडद्यावर होडीवाली उभी आणि तिच्या डोक्यावर इंग्रजीत सरिता. “हें माझें नांव?” तिने विचारलं.  मावशीने सुपात अबोली घेतली, दोरा भिजवला आणि लेकीला पुढ्यात पाठमोरी बसवलं. विणायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मधे फुलं दोनदा सांडली, दोनदा तिने ती वेचली. फाती झाली तशी तिने दोन्ही हातांनी सरिताच्या अंबाड्याला बांधली आणि गाठ मारली. सरिता मान खाली घालून बसली होती. ती रडते आहे हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

कपाट जागचं हललं नाही. पण रिती गाडी परत धाडणं मावशीला पटेना. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी तिने परसातली फळं उतरवून ठेवली होती. शहाळी, सुपारीचे घोस, तोरिंगणं, केळीचा घड. आम्ही दोघी पुढे झालो तर तिने हटकलं, आणि एकेक वस्तू स्वतः उचलून पिकअपमध्ये ठेवली. केळीचा घड तिने छातीशी धरून नेला, डावा हात खालून लावून. गाडी नदीच्या रस्त्याला वळेपर्यंत ती पायरीवर उभी होती.

दोन वर्षं झाली त्याला. मावशी नार्व्याला आहे, फात्या विणते, बाजारात मात्र आता शेजारणीच्या हाती धाडते. माझी बदली पेडण्याकडे झाली आणि शनिवार महिन्यातून एकावर आला. त्याचं मला वाईट वाटतं, तिलाही वाटतं, आणि आम्ही दोघी ते एकमेकींना सांगतो. इथल्या खोलीतही भिंतीवर तोच तक्ता आहे, क्रमांक एक ते सोळा. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी तक्त्याकडे बघितलं आणि विचारलं, “सुरवात पयल्यापसून मगो?” मी त्यांना आधी विचारलं, हात बरा झाल्यावर पहिलं काय करायचंय? ते लाजले. साठीचे गृहस्थ, पण लाजले. म्हणाले, चवथीच्या आरतीला वाड्यावर मातीचं घुमट आपण बोटांनी थाप देऊन वाजवतो, गेली चाळीस वर्षं, यंदा मात्र कठीण दिसतं.

दुसऱ्या दिवशीची वेळ देत मी म्हटलं, “फाल्यां येतना घुमट घेवन या.”